खांद्यावर दोनदा

रविवार, ४ फेब्रुवारी

पडलो. दोघंही. पाण्याच्या पंपघराच्या फाटकासमोर, उभ्या उभ्या!

वेगात पडलो असतो तर सांगण्यासारखं तरी झालं असतं. गाडी बंद होती. परत निघायचं होतं. मी दोन्ही पाय टेकून, हँडल धरून, समोर बघत बसले होते. बाबा मागे चढत होते. माझा डावा गुडघा गेला. गेला म्हणजे काय, ते नीट सांगता येत नाही. होता, आणि नव्हता. रेडा सावकाश कलला. मी धरला. धरून ठेवला असं वाटलं, तेवढ्यात कळलं की आता मी त्याला धरलेलं नाही, तोच मला घेऊन चाललाय.

रेडा म्हणजे गाडी. नाव बाबांचंच. नवी कोरी दारात आली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "हा तर रेडा आणलास!" खूश होते.

आज बाबा खडीवर बसलेले, हेल्मेट कपाळावर सरकलेलं. आधी हसले. "रेड्याने बैठक मारली!" मग हसायचे थांबले. कोपर खरचटलंय. बाकी काही नाही — काही नाही असं म्हणतात.

मला गाडी उचलता आली नाही. पूर्वी पाठ टेकवून, पायांनी रेटून उचलायची. आज पंपवाला आणि वॉचमन धावत आले. एकाने हँडल धरलं, एकाने मागचं कडं. "ताई, तुम्ही नका हात लावू." मी सांडलेल्या पेट्रोलच्या वासात बाजूला उभी. मग पंपवाल्यानेच बाबांना काखेत हात घालून मागे बसवलं.

 


सोमवार, ५ फेब्रुवारी

जिना उतरताना सगळं लक्ष गुडघ्याकडे. दुखत नाही. हेच वाईट. दुखला असता तर पुन्हा कधी दगा देणार ते कळलं असतं.


गुरुवार, ८ फेब्रुवारी

हाडांचा डॉक्टर विनोदी आहे. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "झीज आहे. वयाला शोभेशी."

"मग गुडघा गेला कसा?"

"गुडघा इथेच आहे, हा काय. पडलात तुम्ही."

गाडीचं वजन विचारलं. सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. मागे कोण बसतं? वडील. वय? तेही सांगितलं. "बाई, हा हट्ट कशासाठी?"

मी फाइल उचलून बाहेर आले. काय सांगणार त्याला! हट्ट नाही, रविवार आहे. बाबांची सगळी नोकरी त्या पंपघरात गेली. टेकडीवर, तलावाच्या काठाला. दर रविवारी मी त्यांना तिथे नेते. पंपवाला विचारतो, "काका, आज कोण खोकतंय?" बाबा डोळे मिटून पंपांचे आवाज ऐकतात. "तीन नंबर." कधी बरोबर असतं, कधी नसतं. पंपवाला नेहमी मान डोलावतो. मग कठड्याला टेकून पाणी बघायचं, चहा घ्यायचा, परत. एवढंच. आई गेल्यापासून बाबा दुसरीकडे कुठे जातच नाहीत. बस तिकडे जात नाही. टॅक्सीत, बंद काचांत, त्यांना पहिल्या वळणालाच उलटी होते. उघड्यावर, वाऱ्यात, माझ्या पाठीमागे मात्र ठणठणीत.

मी नेलं नाही तर बाबा घरात बसणार. मग बसलेलेच राहणार.


रविवार, ११ फेब्रुवारी

गेलो नाही. काल रात्रीच सांगितलं होतं, गुडघ्याला विश्रांती देऊ या. "देऊ या की!" बाबा म्हणाले.

तरी सकाळी बूट घालून खुर्चीत बसलेले. जाकीटही.  चहा झाला. पेपर झाला. मग वाकून नाड्या सोडायला लागले. "पंप काय, फिरतच असतात."

दुपारी आईची आठवण काढून हसत होते. तो किस्सा मी हजारदा ऐकलाय. रेल्वे फाटकापाशी आई चपलेचा पट्टा लावायला उतरली, फाटक उघडलं, आणि बाबा निघाले — आईशिवाय. घरापर्यंत मागे तोंड न करता बोलत राहिले. तिच्या भावाबद्दल. जे कधी बोलले नव्हते ते सगळं! दारात आले, "उतर" म्हणाले, कोणीच उतरेना. आई मागाहून बसने आली. रात्रीपर्यंत अबोला. मग तिने कायदा केला: मागे बसणाऱ्याने नीट बसल्यावर खांद्यावर दोनदा थोपटायचं आणि "हं" म्हणायचं. त्याशिवाय गाडी हलणार नाही. बाबांनी त्यात आपलं कलम घातलं: कोणी चढत असताना पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, तोल जातो.

आम्ही भावंडं यावरच वाढलो. सायकलवर डबलसीट जातानासुद्धा थोपटायचो.

आता लिहिताना लक्षात येतं — गेल्या रविवारी पडलो तेव्हा अजून थोपटणं झालं नव्हतं.


बुधवार, १४ फेब्रुवारी

बाबा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "लहान गाडी घे."

"काय?"

"लहान. हलकी. तुझ्या गुडघ्याला झेपेल अशी."

कोण बोलतंय हे! समोरच्या घरातली लहान मोटरसायकल निघाली की हेच खिडकीतून ओरडायचे, "अहो, शिलाई मशीन कुठे निघालं? दोरा भरलाय का?" त्या माणसाने शेवटी रस्ता बदलला.

"तुम्ही बसाल शिलाई मशीनवर?"

"बसेन. मला कसली लाज?"

"मला आहे!"

मी इतक्या जोरात म्हणाले की कप बशीत वाजला. त्यांनी मान वर केली नाही. "बघ बाई. तुझी गाडी, तुझा गुडघा."

नंतर भांडी घासली. स्वच्छ होती तीही.


शनिवार, १७ फेब्रुवारी

शोरूम. काचेत सगळ्या गाड्या एकाच बाजूला माना वळवून उभ्या.

विक्रेता कोवळा, टाय घातलेला, तोंडाला खळ नाही. "काका, मायलेज बघा—"

"मायलेज राहू दे. सीट किती उंच आहे?"

"ताईंच्या उंचीला अगदी परफेक्ट—"

"तिची उंची मला माहीत आहे. सीटची सांगा."

मग बाबा स्वतःच पुढे झाले. सीटवर तळवा आडवा ठेवला, तसाच सरळ आपल्या मांडीकडे आणला, कुठे लागतो ते बघितलं. पुढच्या गाडीला तेच. त्याच्या पुढच्या. सगळं शोरूम बघत होतं. माझ्या गुडघ्यासाठी म्हातारा माणूस आपल्या अंगावर मापं घेतोय. मी फलक वाचत उभी राहिले. एकच फलक. पुन्हा पुन्हा.

सगळ्यात बुटकी होती ती ठरली. बसून बघितली. दोन्ही पाय सपाट टेकले, गुडघे वाकूनसुद्धा. एका हाताने डावीकडून उजवीकडे हलवता आली. जिना चढायला काठी द्यावी तशी दिली कोणीतरी मला.

"रंग?" विक्रेत्याने विचारलं.

"कुठलाही," मी म्हणाले.

"डास कुठल्याही रंगाचा चावतो," बाबा म्हणाले. नाव पडलं.


शुक्रवार, २३ फेब्रुवारी

रेडा गेला.

घ्यायला आली ती दातांची डॉक्टर. चाळिशीची, उंच, हात मोठे. तिने आधी गाडीला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलं. "विकताय का खरंच?" म्हणाली. मी चावी पुढे केली. तोंड उघडलं असतं तर दाढ काढल्यासारखं काहीतरी झालं असतं.

सांगायचं ते सांगितलं. थंडीत जरा वेळ नुसता चालू ठेवायचा. दुसरा गिअर कधीकधी लागत नाही, रागवायचं नाही. वळणावर त्याच्याशी भांडायचं नाही, बघू तिकडे जातो तो.

तिने चालू केला. खिडकीच्या काचा थरथरल्या, नेहमीसारख्या. कोपऱ्यापर्यंत आवाज माझा होता. कोपरा वळला आणि रस्त्याचा झाला.

बाबा बाहेर आले नाहीत. खिडकीत उभे होते. मी आत आले तेव्हा पाठमोरे. "गेला?"

"गेला."

"चांगल्या हातात गेला का?"

"मोठ्या हातात गेला."

काही बोलतील असं वाटलं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. मग चष्मा पुसायला घेतला.


रविवार, २५ फेब्रुवारी

डासावरून पहिला रविवार.

कसं लिहू! रेड्यावर मी रस्त्यावर नसायचेच, रस्ता माझ्याखाली असायचा. आज प्रत्येक खड्डा ओळख करून देत होता. वारा बाजूने आला की आम्ही बाजूला. ट्रक मागून आला, हॉर्न दिला, मी कडेला सरले. सरले! रेड्यावर कोणी हॉर्न देतच नसे.

टेकडीच्या चढावर इंजिन रडायला लागलं. दुसऱ्या गिअरवर आणलं. मग पहिल्या. मागून आवाज, "उतरून ढकलू का?"

"गप्प बसा, बाबा!"

"बसलोय ना. म्हणूनच चढत नाहीये."

पंपवाला फाटकात उभा. गाडीकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं. "मोठी कुठंय?"

"प्रसूत झाली," बाबा म्हणाले. "हे पिल्लू."

पंपवाला पोट धरून हसला. मीही हसले. हेल्मेट काढायला जरा वेळ लावला.

एक मात्र आहे. रेड्यावर बाबा कधी चढायचे ते कळायचंच नाही, थोपटलं की कळायचं. डासावर सगळं कळतं. निघताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, घट्ट झाला, बराच वेळ तसाच राहिला. गाडी हलली, थांबली, पुन्हा हलली. मी समोर बघत बसले. कायदा! मग एकदाचं थोपटलं. दोनदा. "हं." धाप लागल्यासारखं.

हलक्या गाडीचा त्यांना विश्वास वाटत नसणार. माझाही.


बुधवार, २८ फेब्रुवारी

कार्यालयाच्या दारात संपादक. "आज कोणाची गाडी आणलीत?"

"माझी."

"नाही हो, तुमची ती मोठी—"

"हीच."

दिवसभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका दिसतात, त्यावर रेघ मारता येते. बरं असतं.


रविवार, ३ मार्च

गेलो. आलो.  चार नंबर खोकत होता.


रविवार, १० मार्च

 

सकाळी नेहमीप्रमाणे गाडी दारातून बाहेर काढली, उताराच्या तोंडाशी लावली, बसले. समोर बघत. बाबांचा हात खांद्यावर आला. गेला. पुन्हा आला. मी वाट बघत राहिले. सीट खाली दबली. दोनदा थोपटलं. "हं!" मी निघाले. जरा उसळल्यासारखी झाली गाडी. त्या उतारावर उसळतेच.

आणि आज मला बोलायचं होतं. आठवडाभर साठलं होतं. समोरासमोर जमत नाही, हेल्मेटमधून जमतं. मी म्हणाले, बाबा, मला माफ करा, तुम्हाला या खेळण्यावर बसवते. म्हणाले, मला रेडा स्वप्नात येतो. धोक्याची पाटी लावलेल्या वळणावर म्हणाले की मला भीती वाटते. गुडघ्याची नाही, त्याच्यानंतर काय काय जाणार त्याची. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला बरंच वाटलं. मागून टोमणा आला नाही म्हणजे ऐकत असणार.

चढ डासाने सहज घेतला. दुसऱ्याच गिअरवर! मी म्हणालेसुद्धा, "बघा, आज कसा चढला!"

फाटकात पंपवाला. "काका कुठंयत?"

मी वळून बघितलं.

सीट.

त्याने काहीतरी विचारलं. मी गाडी वळवली होती. परत येताना रस्त्याच्या दोन्ही कडा बघत आले. एका चरात काहीतरी काळं पडलं होतं, थांबले, टायर होता. वळणावर खाली उतरून झुडपांत बघितलं. हाका मारल्या. एक सायकलवाला थांबला, "काय हरवलं?" मला सांगता येईना! वडील म्हणून सांगायचं? मी नुसती हात हलवत राहिले. तो गेला. पडताना आवाज आला असेल आणि मी बोलत असेन, हेच डोक्यात. मी बोलत असेन.

घर आलं. बाबा दारातल्या पायरीवर बसलेले. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली लावलेला, हात मांडीवर.

"आलीस? पंप कसे आहेत?"

मी तिथेच रस्त्यावर बसले. गाडी स्टँडला लावायचीही सुचली नाही. हलकी आहे, आपोआप भिंतीला टेकली.

"बाबा, तुम्ही थोपटलंत! हं म्हणालात!"

"म्हणालो असेन."

"बसला नव्हतात!"

"तू निघालीस." मग हसायचा प्रयत्न केला. "बापावर गेलीस. आईच्या भावाबद्दल काय काय बोललीस?"

मी हसले नाही. काय काय बोलले ते आठवत होतं.


सोमवार, ११ मार्च

धाकट्या भावाचा फोन. बाबांनीच त्याला सगळं रंगवून सांगितलेलं. तो हसत नव्हता.

"ताई, तू बाबांना विसरलीस?"

"त्यांनी थोपटलं होतं."

"म्हणजे भास झाला तुला?"

 तो हळू आवाजात बोलायला लागला. लहानपणी बाटली फोडली की याच आवाजात मी त्याला समजवायचे. "हे बघ, ताई. आधी पडलात, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. आता हे. तुला झेपत नाहीये. कबूल कर ना. काही कमीपणा नाही त्यात."

भास झाला असेल का? दोनदा. उजव्या खांद्यावर. अजून जागा सांगू शकते. पण गुडघाही मला माझाच वाटत होता.


शनिवार, १६ मार्च

जेवताना सांगून टाकलं. "बाबा, उद्यापासून मी तुम्हाला नेणार नाही."

घास हातात राहिला.

"माझा माझ्यावर भरवसा नाही. आधी पाडलं. मग सोडून गेले. तिसऱ्यांदा काय होईल, त्याची वाट बघायची नाही मला."

"तुझी काही चूक नाही."

"मग कोणाची आहे?"

त्यांनी पाणी ओतून घेतलं. पेला भरला, तरी ओतत होते. मीच तांब्या धरला.

"पंपवाल्याला फोन करून सांगते," मी म्हणाले.

"कशाला. तो आपोआप समजेल."


रविवार, १७ मार्च

सकाळी बाबांनी बूट घातले नाहीत. खुर्चीतही बसले नाहीत. अंथरुणातच भिंतीकडे तोंड करून. दुपारी हाक मारली, "बरं वाटत नाहीये का?" म्हणाले, "बरं आहे की."

नळ टपकत होता. रोज उठून आवळणारे बाबा. आज ऐकत पडून राहिले.


सोमवार, १८ मार्च

मी भांडी घासत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, वळू नकोस, ऐक.

म्हणाले, "तुझा गुडघा आपणहून गेला नव्हता. त्या दिवशी माझा पाय वर गेलाच नाही. सीटला अडकला, आणि मी तुझ्या खांद्याला लोंबकळलो. सगळं वजन तुझ्या डाव्या अंगावर आलं. कोणाचाही गेला असता."

मी वळले नाही.

"बुटक्या गाडीवर जमेल असं वाटलं होतं. जमलं दोन रविवार. तिसऱ्या रविवारी नाही जमलं. तू पुढे ताठ बसलेली. म्हटलं, ही तरी जाऊन येऊ दे. सीट दोन्ही हातांनी दाबली. मग थोपटलं."

पाणी वाहत होतं.

"रेडा विकला, बाबा. तुम्ही खिडकीत उभे होतात. तेव्हा का नाही बोललात?"

 मग म्हणाले, "बोललो असतो, तर नेलं असतंस मला?"

मी नळ बंद केला.

नसतं नेलं.